मोटो गुत्सी 850 टी3: दसऱ्यापासून मे महिन्यापर्यंतच्या नोंदी

गाडी म्हणजे मोटो गुत्सी कंपनीची 850 टी3 मोटरसायकल, 1976 ची. जागा इटलीतलं लेक्को, कोमो सरोवराच्या काठी, आमच्या इमारतीच्या तळघरातलं गॅरेज. कारखाना इथून दहाएक किलोमीटरवर, मांदेल्लो देल लारिओला. टी3 उघडायला बसणाऱ्या कुणालाही उपयोग व्हावा म्हणून हे लिहून ठेवतोय. वेळ नसेल तर 19 ऑक्टोबर आणि 9 नोव्हेंबरची नोंद तेवढी वाचा.

12 ऑक्टोबर 2024, शनिवार, दसरा

सकाळी व्हॅनमधून गाडी उतरवली. बेर्गामोजवळच्या एका शेतघरात एकोणीस वर्षं उभी होती. 3,100 युरो दिले. मीटरवर 61,400 किलोमीटर. कागदपत्रं पूर्ण, नंबरप्लेट मूळची. टायर दगडासारखे कडक झालेले, पुढचा ब्रेक जॅम, टाकीत तांबडं पाणी. पण किक नसलेली ही गाडी हाताने मागचं चाक फिरवल्यावर फिरली, म्हणजे इंजिन मोकळं होतं, आणि मला तेवढं पुरे झालं.

844 सीसी, बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) 83 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) 78. दोन सिलेंडर आडव्या व्हीमध्ये, गाडीच्या दोन्ही बाजूंना डोकं बाहेर काढून बसलेले. इंजिनाची मूळ मांडणी ज्युलिओ चेझारे कार्कानो यांची. 1955 साली पाचशे सीसीत आठ सिलेंडर बसवणारा तोच माणूस. फ्रेम लिनो तोन्ती यांची. 1971 च्या व्ही7 स्पोर्ट या मॉडेलसाठी त्यांनी व्हीच्या मधला डायनॅमो काढून पुढे क्रँकच्या नाकावर अल्टरनेटर नेला आणि मोकळ्या झालेल्या जागेतून फ्रेमची वरची नळी खाली आणली. टी3 ची फ्रेम तीच.

शेजारणीच्या बाल्कनीतला झेंडू मागून आणला, टाकीला हार घातला, पान्यांची पूजा केली. मग चूक केली. दसऱ्याच्या दिवशी इंजिन वाजलं पाहिजे असं मनात बसलं होतं. नवी बॅटरी जोडली, ऑइल बदललं, दोन्ही सिलेंडरचा दाब मोजला. दोन्हीकडे जवळजवळ सारखा आणि चांगला आला. बाहेरून बाटलीने पेट्रोल दिलं. चौथ्या प्रयत्नात इंजिन सुरू झालं आणि मी ते वीस मिनिटं चालू ठेवलं. कोल्हापूरला आण्णांना फोन लावून आवाज ऐकवला.

19 ऑक्टोबर, शनिवार

गंज धुऊन यावा म्हणून तेच ऑइल काढलं. ट्रेमध्ये चुंबक फिरवला, काही चिकटलं नाही. खूश होतो. मग ट्रे उन्हात नेला तर ऑइलमध्ये जरीसारखं काहीतरी चमकत होतं. बोटावर घेतलं तर टोचलं.

फोनवर आण्णांचा पहिलाच प्रश्न, "चुंबकाला चिकटतंय का?"

"नाही."

"मग क्रोम आसंल ते. लाइनर न्हाई त्या ब्लॉकला. आदी हेड उतरीव, मग बोल."

आण्णांनी उद्यमनगरात पस्तीस वर्षं हायड्रॉलिकचे रॉड हार्ड क्रोम केलेले पाहिले आहेत. त्यांनी ही गाडी कधी पाहिलेली नाही.

प्रकरण असं आहे. त्या काळातल्या गुत्सीच्या सिलेंडरमध्ये बिडाचा लाइनर, म्हणजे आतली बाही, नसते. ॲल्युमिनियमच्या बोअरवर थेट क्रोमचा थर दिलेला असतो. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ओल त्या थराखाली शिरते आणि क्रोम कडेपासून सुटायला लागतं. इंजिन चालवलं की पापुद्रे गळतात. ते काचेसारखे कठीण असतात आणि ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत जातात. दाब मोजून हे कळत नाही, कारण रिंगांची वाट बरीचशी शाबूत असते. क्रोम चुंबकाला चिकटत नाही, म्हणून चुंबकानेही कळत नाही. हेड, म्हणजे सिलेंडरचं झाकण, काढून, विजेरी लावून, बोअर डोळ्यांनी बघणं हाच उपाय.

20 ऑक्टोबर, रविवार

दोन्ही हेड आणि दोन्ही ब्लॉक काढायला एकूण चार तास. इंजिन फ्रेममध्येच. सिलेंडर दोन्ही बाजूंना बाहेर असल्याने हे जमतं, आणि ज्याने कुणी पहिल्यांदा अशी मांडणी केली त्याचे मनापासून आभार मानावेसे वाटतात.

डावा ब्लॉक वरच्या कडेला करंगळीच्या नखाएवढा सोललेला. उजवा खालच्या बाजूला, तीन ठिकाणी. पिस्टनवर उभे ओरखडे. ते आधीचे किती आणि माझ्या वीस मिनिटांचे किती, हे सांगता येणार नाही. पण उजव्या पिस्टनवरचे दोन ओरखडे ताजे, चकचकीत होते.

क्रोमचा ब्लॉक ओव्हरसाइझ बोअर करता येत नाही. म्हणून बदलायचं ठरवलं.

9 नोव्हेंबर, शनिवार

संप, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवला. टी3 मध्ये पहिल्यांदा कार्ट्रिजचा ऑइल फिल्टर आला, पण तो संपच्या आत आहे. फिल्टर बदलायचा तर कढई, म्हणजे संपचा पत्रा नव्हे, अख्खं ओतीव भांडं खाली घ्यावं लागतं. त्यामुळे बरेच मालक ते काम टाळायचे. माझा फिल्टर हाताने फिरवला तर पाऊण आटा सैल. आत सुटून पडला असता तर ऑइलचा दाब शून्य.

इमारतीतले एक निवृत्त फिटर आहेत, मांदेल्लोच्या कारखान्यात आयुष्य काढलेले. मी त्यांना सिन्योर म्हणतो, ते मला "इंजेन्येरे", म्हणजे इंजिनिअर. ते खाली येऊन बघून गेले आणि संध्याकाळी एक साधी जुबिली क्लिप, म्हणजे पाइप आवळायची पट्टी, घेऊन आले. फिल्टर आवळून झाला की त्याच्यावर ही क्लिप बसवायची, तिचा स्क्रू शेजारच्या ओतीव भिंतीला अडेल असा ठेवायचा. मग फिल्टर उलटा फिरूच शकत नाही. किंमत एक युरोच्या आत. टी3 वाल्यांनी ही गोष्ट आजच करावी.

फिल्टर कापून पाहिला. घडीघडीत चमकी भरलेली. म्हणजे फिल्टरने आपलं काम केलं होतं. तरी बिग एंडच्या, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथल्या, बेअरिंग शेल काढून बघितल्या. एकीत तीन कण रुतलेले. क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंग बसतं त्या भागावर, नख फिरवलं तर ओरखडा लागत नव्हता, म्हणून फक्त शेल बदलायचं ठरवलं. 50 युरो.

इथे मी संपच्या बोल्टचा एक आटा घालवला. जुना गॅस्केट खरडून न काढता बोल्ट परत लावून बघत होतो. सहा मिमीचा बोल्ट, ॲल्युमिनियममध्ये. गेलेले आटे नव्याने बसवणारा हेलिकॉइलचा संच 35 युरो, अख्खा रविवार गेला.

24 नोव्हेंबर, रविवार

नवे ब्लॉक आणि पिस्टन मांदेल्लोच्याच जिलार्दोनीचे घेतले, निकेल-सिलिकॉनच्या थराचे. जोडी 690 युरो. हा थर क्रोमसारखा सोलत नाही. कारखान्यानेही पुढे क्रोम सोडून याच जातीचा थर घेतला. स्वस्तात जुने वापरलेले क्रोमचे ब्लॉक मिळत होते, जोडी 150 ला. तो मोह पहिल्या आठवड्यात झाला असता, आता नाही झाला.

ब्लॉक हातात घेऊन बराच वेळ त्याचे पंखे, म्हणजे हवेने गार करणाऱ्या पातळ कडा, बघत बसलो. आमच्या कोल्हापुरात ओतकाम बघत वाढलेल्या माणसाला पातळ पंख्याचं ओतीव काम दिसलं की हात फिरवल्याशिवाय राहवत नाही. आण्णांना फोटो पाठवला. त्यांनी तो उद्यमनगरात कुणाकुणाला दाखवला.

14 डिसेंबर, शनिवार

हेड एका मशिन शॉपमध्ये दिले होते, व्हॉल्व्ह गाइडसाठी आणि व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटसाठी. तीन आठवड्यांनी मिळाले. घरी येऊन पेट्रोल भरून बघितलं तर डाव्या एक्झॉस्टच्या सीटमधून थेंब गळतोय. परत नेले. "तसंच असतं, चालवल्यावर बसेल" असं ऐकवलं. बसत नसतं. एवढ्यावर वाद नको म्हणून ती सीट मी घरीच ग्राइंडिंग पेस्टने हाताने लॅप केली, म्हणजे घासून बसवली. दोन तास लागले, गळणं थांबलं. 280 युरो मात्र पूर्ण गेले. पैसे देण्याआधी दुकानातच हेड उलटं करून पेट्रोल ओतून बघा.

11 जानेवारी 2025, शनिवार

दोन नाताळी सुट्ट्या धरून मधले चार आठवडे कडाक्याच्या थंडीत गेले. फक्त टाकी केली. सायट्रिक ॲसिडचं पाणी भरून चोवीस तास ठेवायचं होतं, मी तीन दिवस ठेवलं आणि झाकणाच्या कडेचा रंग उचलला. तो डाग तसाच ठेवणार आहे. गाडी रंगवायची नाही हे पहिल्यापासून ठरलेलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा मूळ रंग एकदा काढला की परत येत नाही.

आज फ्रेम उचलली. या फ्रेमच्या खालच्या दोन्ही नळ्या बोल्टने जोडलेल्या आहेत. त्या सोडल्या की इंजिन आणि गिअरबॉक्स लाकडी ठोकळ्यांवर बसवून फ्रेमच वर उचलून काढता येते. इंजिन उचलायला क्रेन नको, साखळी नको. मी आणि बायको, दोघांनी फ्रेम उचलली. तयारी पाच तासांची, उचलणं दोन मिनिटांचं. वायरिंगच्या प्रत्येक टोकाला कागदी चिठ्ठी लावली होती, त्याचं फळ पुढे मिळालं.

क्लच कोरडा, दोन प्लेटांचा. गिअरबॉक्सच्या सीलमधून ऑइल गळून दोन्ही प्लेटा भिजलेल्या. धुऊन वापरायचा विचार सिन्योरनी एका शब्दात मोडला. नव्या प्लेटा 120. मागच्या शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट एका दिशेला अडकत होता. तो आणि त्याचं बेअरिंग 130.

2 फेब्रुवारी, रविवार

टायमिंग चेन सैल होती. नवी चेन आणि स्वतः ताण घेणारा टेन्शनर बसवला. तिथेच पुढे अल्टरनेटर आहे, म्हणून त्याचा फिरणारा भाग, रोटर, मीटरने तपासला. तुटलेला, रेझिस्टन्स दिसतच नाही. म्हणजे दसऱ्याला चालवलेलं इंजिन चार्ज होतच नव्हतं, आणि त्या आनंदात मी दिव्याकडे बघितलंही नव्हतं. नवा रोटर 140.

रोटर काढायची रीत: मधला बोल्ट काढायचा, भोकात कडक पोलादाचा छोटा रॉड टाकायचा आणि मोठ्या बोल्टने त्याला रेटायचं. मी घरातल्या साध्या सळईचा तुकडा टाकला. तो आत फुगून बसला. काढायला दीड दिवस. सळई कडकच हवी, त्यात तडजोड नाही.

22 फेब्रुवारी, शनिवार

ब्लॉक, पिस्टन, हेड बसले. पण दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी रॉकरच्या आधाराखाली स्टडवर बसणाऱ्या छोट्या ओ-रिंगा डाव्या बाजूला विसरलो. गॅस्केटच्या पाकिटात चार उरल्या तेव्हा कळलं. त्या नसल्या तर ऑइल स्टडच्या बाजूने उतरत राहतं आणि माणूस हेड गॅस्केटला दोष देत बसतो. डावं हेड परत उघडलं, नवा हेड गॅस्केट घातला.

टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट दोन्हीकडे 0.22 मिमी.

15 मार्च, शनिवार

ब्रेक. या गाडीचं वैशिष्ट्य आणि माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्लेली गोष्ट. टी3 मध्ये पायाचा ब्रेक दाबला की मागची डिस्क आणि पुढची डावी डिस्क एकत्र धरतात. हाताचा लिव्हर फक्त पुढची उजवी डिस्क धरतो. नावातल्या तीन या आकड्याचा अर्थच तीन डिस्क.

पुढचा डावा कॅलिपर, म्हणजे डिस्क पकडणारा भाग, पाय उचलल्यावर सुटत नव्हता. मी कॅलिपर खोलला, पिस्टन घासले, सील बदलले. तरी तेच. पुन्हा खोलला. तरी तेच. दोन शनिवार असे गेले. दोष रबरी पाइपचा होता. बाहेरून नवा दिसणारा पाइप आतून फुगून बंद झाला होता. पायाच्या जोराने ऑइल पुढे जायचं, परत यायला वाट नव्हती. कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल उघडल्यावर चाक सुटतं, पण पाइप वरच्या टोकाला सैल केल्यावर सुटत नाही, एवढी तपासणी आधी केली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. सगळे पाइप आणि सील मिळून 230.

एअर काढणंही सरळ नाही. पायाच्या पंपापासून नळी मागेही जाते आणि पार पुढेही, त्यामुळे हवा वरच्या वळणात अडकून राहते. शेवटी मागचा कॅलिपर सोडून निपल वर येईल असा हातात धरला, पॅडच्या मध्ये लाकडाची फळी दिली, आधी मागची आणि मग पुढची एअर काढली. पेडल रात्रभर दोरीने दाबून बांधून ठेवलं. सकाळी कडक.

फोर्कमध्ये बंद कार्ट्रिजचे डॅम्पर असतात, दोन्ही मेलेले. दर बाजूला ऑइल फक्त 60 सीसी लागतं आणि त्याने कार्ट्रिज जिवंत होत नाही. जास्त ऑइल घालून भागवू नका. नवे डॅम्पर आणि सील 210.

30 मार्च, रविवार, गुढीपाडवा

बाल्कनीत गुढी उभारली. ऑइल, पेट्रोल, नवी वायर, सगळं तयार. प्लग काढून स्टार्टर फिरवला, ऑइलचा दिवा विझेपर्यंत फिरवायचा असं ठरवून. तीस सेकंद, दिवा तसाच. थोडं थांबून पुन्हा तीस. तसाच.

बायको म्हणाली, आज सणाचा दिवस आहे, म्हणूनच थांब. थांबलो. हेड, शेल, नवे ब्लॉक यांत घातलेले पाच महिने डोळ्यांसमोर होते.

5 एप्रिल, शनिवार

प्रेशरचा गेज उसना आणून लावला. दाब व्यवस्थित येत होता. दोष दिव्याच्या वायरीचा. दिव्याला दाब कळवणारा सेंडर दोन सिलेंडरच्या मध्ये, वर आहे. फ्रेम खाली ठेवताना तिथली वायर दबून सोलली आणि इंजिनाला टेकून अर्थ झाली होती. टेपने आणि स्लीव्हने नीट केली.

मग प्लग लावून स्टार्टर. कार्बोरेटरमधून फटाक्यासारखा आवाज, एकदा ज्वाळाही. फ्लायव्हीलवर दोन खुणा आहेत, डी आणि एस. देस्त्रो म्हणजे उजवा, सिनिस्त्रो म्हणजे डावा. गाडीवर बसलेल्या माणसाचा उजवा. मी गाडीसमोर उकिडवा बसून पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क, लावले होते. तिथून पाहिलं तर डावं-उजवं उलटं. दोन्ही पॉइंटचं टायमिंग पुन्हा केलं, आधी उजवा, मग डावा. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी इंजिन सुरू झालं. ॲक्सिलरेटर दिला की अख्खी गाडी उजवीकडे झुकते, क्रँक लांबीच्या दिशेने असल्यामुळे. ते पहिल्यांदा माझ्या मांडीला जाणवलं तेव्हा डोळे भरून आले.

सिन्योर चप्पल घालूनच खाली आले. कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, डावा कार्बोरेटर थोडा जड आहे. खरंच होता. पाव आटा.

12 एप्रिल, शनिवार

रेविझिओने, म्हणजे इथली दोन वर्षांनी होणारी तपासणी. 79 युरो. ब्रेकच्या मोजणीत पास. हेडलाइटचा कोन तिथेच सुधारून दिला.

1 मे, गुरुवार

इथे कामगार दिनाची सुट्टी, आपल्याकडे महाराष्ट्र दिन. पहिली लांब फेरी. लेक्कोहून सरोवराच्या काठाकाठाने मांदेल्लो, वारेन्ना, कोलिको आणि परत. साठ-सत्तरच्या वर नेली नाही, नवे पिस्टन आहेत. मांदेल्लोत कारखान्याच्या दारासमोर, पारोदींच्या नावाच्या रस्त्यावर, पाच मिनिटं थांबलो. 1921 मध्ये कार्लो गुत्सी आणि ज्योर्ज्यो पारोदी यांनी काम सुरू केलं ते याच गावात. त्यांचा तिसरा सोबती, वैमानिक ज्योव्हान्नी राव्हेल्ली, 1919 मध्ये विमान कोसळून गेला होता. टाकीवरचा पंख पसरलेला गरुड त्याच्या आठवणीचा. माझ्या टाकीवरच्या गरुडाचा एक पंख झिजलाय. तोही तसाच राहील.

आण्णांना तिथून व्हिडिओ कॉल केला. त्यांनी मला बघितलंच नाही. म्हणाले, "फोन खाली घे. हेडाजवळ घे. ऑइल गळतंय का बघू."

गळत नव्हतं.

17 मे, शनिवार

520 किलोमीटर झाले. इंजिन थंड असताना हेडचे नट पुन्हा टॉर्क केले, टॅपेट तपासले. उजवा एक्झॉस्ट 0.18 वर आला होता, परत 0.22 केला. ऑइल बदललं, संप उतरवून फिल्टरही. क्लिप जागेवर. फिल्टर कापून उन्हात धरला. पिस्टन रुळतानाची राखाडी भुकटी आहे, चमकी नाही.

हिशोब: गाडीचे 3,100 धरून आजवर 5,936 युरो. तास 190 च्या आसपास, त्यातले पन्नास तरी वर लिहिलेल्या चुकांचे. विमा वेगळा.

राहिलेलं काम: मागच्या ड्राइव्हच्या सीलजवळ रात्रीत एक थेंब. डाव्या कार्बोरेटरचा स्लाइड झिजलेला, आयडल गरम झाल्यावर वर जातो. मीटरची केबल कुरकुरते. सील मागवलं आहे, सोमवारी येईल.